संगीतिका पडद्यावर आली की नायकाचं वय एकदम का दिसायला लागतं?

नाट्यवेडी (धागाकर्ती)

'डिअर इव्हान हॅन्सन' या शाळकरी नायकाच्या अमेरिकन संगीतिकेवर सिनेमा आला, त्यातल्या नायकाच्या वयावरून वाद घालून झाले, तरी मूळ मुद्दा सुटलेला नाही, म्हणून हा धागा.

बेन प्लॅटने न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर इव्हान उभा केला, त्यासाठी २०१७ मध्ये त्याला टोनी हा नाट्यपुरस्कार मिळाला. २०२१ च्या सिनेमात तोच नट, तीच भूमिका, बरीचशी तीच गाणी. आणि पहिला ट्रेलर आल्या आल्या लोकांचं एकच पालुपद: हा बारावीतला मुलगा? चित्रीकरण २०२० च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये झालं, त्यातच तो सत्तावीस वर्षांचा झाला. पात्र सतराचं.

याउलट 'ग्रीस' (१९७८) बघा, तीही शाळकरी पोरांचीच संगीतिका. चित्रीकरणाच्या वेळी ऑलिव्हिया न्यूटन-जॉन अठ्ठावीस, जेफ कॉनवे सव्वीस, स्टॉकर्ड चॅनिंग चक्क तेहेतीस. ट्रॅव्होल्टा तेवीस म्हणजे त्यातल्या त्यात बाळ. आणि तो सिनेमा लोक आजही डोक्यावर घेतात.

तर रंगमंचावर जे खपतं ते पडद्यावर का खटकतं? आणि खटकतं तर नेहमीच का नाही? खरी सोळा-सतरा वर्षांची मुलं घेतली तर नेमकं कुठे अडतं? ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी तपशिलात लिहा. "नेपोटिझम" एवढंच लिहून पळू नका.

ढब्बू_पैसा

नेपोटिझम.

(पळालो.)

ताम्हण

हा सिनेमा अमेरिकेत लागला तो दिवस २४ सप्टेंबर २०२१. नायकाचा अठ्ठाविसावा वाढदिवस! वितरकांनी केक कापायची सोय केली होती म्हणायची.

चित्रचौकट

पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर साध्या भूमितीत आहे. माणसाचा चेहरा साधारण २२ सेंटिमीटर उंच. प्रेक्षक नाट्यगृहात १५ मीटरवर बसला असेल तर तो चेहरा त्याच्या डोळ्याशी एक अंशापेक्षाही कमी कोन करतो. आता चित्रपटगृहात त्याच १५ मीटरवर बसवा. पडदा सहा मीटर उंच, क्लोजअपमध्ये चेहऱ्याने पाच मीटर व्यापलेले. कोन झाला अठरा अंशांच्या वर. म्हणजे वीसेक पट. 'इव्हान हॅन्सन' ज्या म्युझिक बॉक्स थिएटरमध्ये चालायचं तिथे हजारेक खुर्च्या आहेत, ब्रॉडवेच्या मानाने ते लहान नाट्यगृह. तरीसुद्धा मागच्या रांगेतल्या माणसाला नटाच्या डोळ्याखालची खोबण दिसणं शक्य नाही. त्याला दिसते ती देहबोली: आत ओढलेले खांदे, शर्टाच्या टोकाशी चाळा करणारी बोटं, हातावरचं प्लास्टर. त्यावरून तो वय ठरवतो.

कॅमेऱ्यात वय सांगणाऱ्या जागा वेगळ्या असतात. नाकाच्या बाजूने ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी, डोळ्याखालचा खड्डा, कानशिलाजवळ मागे सरलेली केसांची रेषा, हनुवटीखालचा दाढीचा हिरवट पट्टा, मानेच्या शिरा. सोळाव्या वर्षी गालात जो भराव असतो तो पंचविशीनंतर उतरायला लागतो. म्हणून "लहान दिसायला वजन कमी कर" हा सल्ला बऱ्याचदा अंगाशी येतो. शरीर सडपातळ होतं पण गाल बसतात, आणि माणूस पाच वर्षांनी मोठा दिसतो.

प्रकाशाचं म्हणाल तर वरून पडणारा उजेड सगळ्यात घातक. शाळेचे व्हरांडे, वर्ग, जेवणघर, सगळीकडे छतात ट्यूबलाइट. वास्तववादी दिसावं म्हणून तोच उजेड ठेवला की भुवईची सावली डोळ्यांवर, नाकाची ओठांवर, घड्या दुप्पट खोल. समोरून, डोळ्यांच्या किंचित वरून मोठा मऊ स्रोत लावला आणि हनुवटीखालून पांढरं थर्मोकोल धरलं की घड्या भरून निघतात. पण मग वर्ग वर्गासारखा दिसत नाही, साबणाच्या जाहिरातीसारखा दिसतो. यातलं काहीतरी एक निवडावं लागतं.

मधला_पडदा

चित्रचौकट, प्रतिसाद आवडला, पण यातून 'ग्रीस'चं कोडं सुटत नाही. तिथेही क्लोजअप आहेतच की.

खवट_म्हातारा

'ग्रीस' खपला कारण १९७८ साली फोर-के नव्हतं आणि लोकांना दुसरे उद्योग होते.

नाट्यवेडी

खवटकाका, आज फोर-केमध्ये पाहूनही तो खपतोच. मुद्दा तो नाही.

मधला_पडदा

मला वाटतं मुद्दा तुलनेचा आहे. प्रेक्षक जन्मदाखला मागत नाही, तो चौकटीतल्या माणसांची एकमेकांशी तुलना करतो. 'ग्रीस'च्या रायडेल हायस्कूलमध्ये जवळजवळ सगळेच थोराड. टी-बर्ड्स या पोरांच्या टोळीतला मायकेल टुची एकतीस, जॅन झालेली जेमी डोनेली तीस. सगळा वर्गच तिशीकडे झुकलेला, त्यामुळे एकटा कुणी उठून दिसत नाही. शिवाय सिनेमा पहिल्या गाण्याच्या आधीच कार्टून श्रेयनामावली दाखवून सांगून टाकतो की हे १९५० च्या दशकाचं गमतीदार चित्र आहे, खरीखुरी शाळा नाही. शेवटी मोटार आकाशात उडते. अशा जगात स्टॉकर्ड चॅनिंगची तेहेतीस वर्षांची रिझो चालते.

'इव्हान हॅन्सन'मध्ये उलट. दिग्दर्शन वास्तववादी, विषय आत्महत्येचा, शाळा खऱ्यासारखी. भोवतालच्या गर्दीत कोवळे चेहरे. समोर केटलिन डेव्हर, जी चित्रीकरणाच्या वेळी तेवीस होती पण सहज सतराची वाटते. अमांडला स्टेनबर्ग त्याहून लहान. म्हणजे मोठा दिसणारा तेवढा एकच, आणि तोच प्रत्येक चौकटीत. बेनबरोबर बाकीचेही सगळे सत्तावीसचे घेतले असते तर आरडाओरडा निम्म्याने कमी झाला असता, असं माझं मत.

ढब्बू_पैसा

थोडक्यात, नापास होऊन बसलेला विद्यार्थी एकच असला तर दिसतो, सगळा वर्गच नापास असला की कळत नाही.

ताम्हण

वरच्याला +१. 'ग्रीस'च्या बाबतीत अजून एक. ऑलिव्हियाने स्वतःच आधी स्क्रीन टेस्टचा आग्रह धरला होता, कारण शाळकरी मुलगी म्हणून आपण शोभणार नाही अशी तिला धास्ती होती. आणि तिचे उच्चार ऑस्ट्रेलियन म्हणून नाटकातली सँडी डंब्रॉवस्की सिनेमात ऑस्ट्रेलियाहून आलेली सँडी ओल्सन झाली. नटीप्रमाणे पात्र कापून शिवलं.

सुरपेटी

सगळे चेहऱ्यावर बोलताय, खरी गोम गळ्यात आहे.

ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग असतात. बुधवारी आणि शनिवारी दोन-दोन. 'इव्हान'सारखी भूमिका म्हणजे सुमारे अडीच तासांतला बहुतेक वेळ रंगमंचावर, त्यात वरच्या पट्टीत छातीच्या आवाजात ताणून गायची गाणी, आणि ती रडत रडत. मुलाचा आवाज साधारण बारा ते पंधरा या वयात फुटतो, पण फुटला म्हणजे बसला असं नाही. स्वरयंत्राची वाढ पुढे दोन-तीन वर्षं चालू राहते. या काळात आवाज अधूनमधून घसरतो, वरचा पट्टा आज असतो, उद्या नसतो. मुलींचा आवाज तसा फुटत नाही, पण याच वयात स्वरतंतू नीट मिटत नाहीत, आवाजात हवा येते. अशा गळ्याने आठवड्याला आठ वेळा ताण घेतला तर गाठी येतात. म्हणून शाळकरी पात्रांच्या संगीतिका लिहितानाच विशीतला गळा गृहीत धरलेला असतो. 'ग्रीस' १९७२ साली न्यूयॉर्कात आलं तेव्हा पहिला डॅनी (म्हणजे नायक, सिनेमात ट्रॅव्होल्टाने केलेला), बॅरी बॉस्टविक, सव्वीस पार केलेला होता.

लहान मुलांच्या भूमिका असतात तिथे एका भूमिकेला अनेक मुलं हा उपाय. 'मटिल्डा'त चार मुली आळीपाळीने मटिल्डा करायच्या, लंडनला २०१२ मध्ये त्या चौघींना मिळून ऑलिव्हिए हा नाट्यपुरस्कार मिळाला. नाटकात हे जमतं. सिनेमात चार चेहरे कसे चालतील? तिथे एकच मुलगी लागते, अलीशा वियर.

आता गंमत अशी की ही सगळी अडचण नाटकाची आहे, सिनेमाची नाहीच. सिनेमात गाणं आधी स्टुडिओत तुकड्यातुकड्याने ध्वनिमुद्रित होतं. एक ओळ आज, दुसरी परवा. म्हणजे सोळाचा गळा पुरतो! तरी निर्माते नाटकातला नट उचलतात, कारण ते गाणं त्याच्या गळ्यावर बसलेलं असतं, त्याची ध्वनिफीत लाखोंनी ऐकलेली असते.

खवट_म्हातारा

आणि त्याचे वडील निर्मात्यांपैकी एक असतात. ढब्बूला उगाच हाकललंत.

मधला_पडदा

मार्क प्लॅट निर्मात्यांपैकी एक, हे खरंच. बेनचं म्हणणं असं होतं की तो नसता तर सिनेमा बहुधा झालाच नसता. स्टुडिओला नाव लागतं, तेही खरं. पण तिकीटबारीवर त्या नावाचा उपयोग झाला नाही. खर्च पावणेतीन कोटी डॉलरच्या आसपास छापून आला होता, जगभरची कमाई दोन कोटींच्या आत राहिली.

पर्याय नव्हता असंही नाही. अँड्र्यू बार्थ फेल्डमन याने जानेवारी २०१९ मध्ये ब्रॉडवेवर इव्हानची भूमिका घेतली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. म्हणजे सुरपेटी, तुमचा गळ्याचा नियम शंभर टक्के नाही. आणि चित्रीकरण सुरू झालं तेव्हा तो अठरा पूर्ण! कायद्याने सज्ञान, दिसायला शाळकरी, भूमिका तोंडपाठ.

सुरपेटी

फेल्डमन अपवाद आहे, नियम नव्हे. शालेय संगीतिकांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, जिमी अवॉर्ड्समध्ये, २०१८ साली पहिला आलेला मुलगा तो. पण अठराचा मुद्दा बिनतोड.

कलमकसाई

खऱ्या मुलांना घेतलं तर कुठे अडतं, या प्रश्नाचं कोरडं उत्तर. कॅलिफोर्नियाचे नियम धरतो, कारण अमेरिकन स्टुडिओ हिशोब तिथूनच शिकले.

सोळा-सतरा वयाचा कलाकार शाळेच्या दिवशी सेटवर जास्तीत जास्त दहा तास थांबू शकतो. त्यातले काम सहा तास, अभ्यास तीन तास, विश्रांती एक तास. नऊ ते पंधरा वयाला नऊ तास, त्यात काम पाच. सहा ते आठ वयाला आठ तास, काम चारच. जेवणाची सुट्टी वेगळी. मेकअप, केस, कपडे हे "काम" या सदरातच मोडतं. म्हणजे सहा तासांतला पाऊण तास खुर्चीतच जातो. प्रौढ कलाकाराचा दिवस बारा तासांचा असतो. नायकच अल्पवयीन आणि तो प्रत्येक दृश्यात असला, तर चाळीस दिवसांचं वेळापत्रक सत्तरच्या पुढे जातं.

शिवाय सोळाखालच्या मुलांसाठी सेटवर स्टुडिओ टीचर लागतो, शाळेच्या दिवशी दहा मुलांमागे एक. तीस पोरांचं समूहनृत्य असलं तर तीन शिक्षक. आणि त्या शिक्षकाला मुलाचं आरोग्य-सुरक्षा धोक्यात वाटली तर काम थांबवण्याचा अधिकार असतो. कमाईतले पंधरा टक्के मुलाच्या नावाच्या कूगन खात्यात. जॅकी कूगन या बालनटाची कमाई घरच्यांनीच संपवली, त्यावरून १९३९ साली हा कायदा आला.

या सगळ्यामुळे कास्टिंगच्या जाहिरातीत एक ओळ ठरलेली असते: अठरा पूर्ण, पण लहान दिसणारे. दुसरी पळवाट म्हणजे 'लीगल एटीन'. शाळेची समकक्ष परीक्षा आधीच पास झालेला सतरा वर्षांचा मुलगा कॅलिफोर्नियात प्रौढांच्या तासांत काम करू शकतो. अशी मुलं कास्टिंगवाल्यांना सोन्याहून पिवळी.

विषयाचाही भाग आहे. चुंबन, गर्भारपणाचा संशय, आत्महत्या असे प्रसंग असले की अठराखालच्या नटाबरोबर संमती, पालक, वकील असा सगळा बारदाना येतो. 'ग्रीस'मधली रिझोची कहाणी आठवा.

नाट्यवेडी

कलमकसाई, आपल्याकडे काय नियम आहेत? मुंबईत पाच तासांचा नियम आहे असं ऐकलंय.

कलमकसाई

आहे, पण चौदाखालच्या मुलांना. २०१६ ला बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली, २०१७ ला नियम आले. त्यानुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, सलग सत्तावीस दिवसांच्या वर नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती, आणि कमाईतले किमान वीस टक्के मुलाच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. चौदा ते अठरा वयोगटाला या कायद्यात फक्त धोकादायक कामांची बंदी आहे, बालहक्क आयोगाच्या मार्गदर्शक सूचना मात्र अठरापर्यंत लागू. त्यामुळे सोळाची नायिका घेणं आपल्याकडे तुलनेने सोपं. तरी निर्माते घेत नाहीत, त्याची कारणं कायद्यात शोधू नका.

ढब्बू_पैसा

कारण मालिकेत बारावीत शिकणाऱ्या मुलीला पुढच्याच महिन्यात सासू व्हायचं असतं.

सॅनहोजेकर

सुरपेटींचा मुद्दा पुढे नेतो. आपल्याकडे गळा आणि चेहरा वेगळे काढायची सोय पहिल्यापासून आहे. 'बॉबी' (१९७३) लागला तेव्हा डिंपल सोळा वर्षांची, तिचा आवाज लताबाईंचा, त्या चव्वेचाळिशीत. कुणालाही खटकलं नाही. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ ला रंगमंचावर आलं तेव्हा खाँसाहेब करणाऱ्या वसंतरावांना अभिनय आणि गाणं दोन्ही समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे करावं लागायचं. २०१५ च्या सिनेमात चेहरा सचिन पिळगावकरांचा, गळा राहुल देशपांडेंचा. हीच मोकळीक शाळकरी पात्राला वापरली तर कोवळा चेहरा आणि तयार गळा दोन्ही मिळतात.

हॉलिवूडही पूर्वी हेच करायचं. 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) मध्ये नॅटली वुडसाठी मार्नी निक्सन गायली, रिचर्ड बेमरसाठी जिम ब्रायंट. 'ऑलिव्हर!' (१९६८) मध्ये तर छोट्या मार्क लेस्टरची गाणी कॅथी ग्रीन या तरुणीने म्हटली, ती त्या सिनेमाच्या संगीत दिग्दर्शकाची मुलगी. आज हे केलं तर "खोटं गायलं" म्हणून ओरड होते. तिकडचा प्रेक्षक नटाचा स्वतःचा आवाज मागतो आणि मग त्या आवाजाबरोबर येणारं वयही त्याला गिळावं लागतं.

सुरपेटी

सॅनहोजेकर, अगदी. पण पार्श्वगायनाचा अजून एक फायदा कुणी बोलत नाही. ओठ हलवणाऱ्या नटाला श्रम नसतात, त्यामुळे चेहरा सैल राहतो.

२०१२ च्या 'ले मिझराब्ल'नंतर सेटवर प्रत्यक्ष गाण्याची टूम आली. कानात बारीक इअरपीस, पलीकडे पियानोवादक, नट हवं तिथे थांबणार, वादक त्याच्या मागे जाणार. भावनेसाठी उत्तम. पण वरच्या पट्टीत जोर लावणाऱ्या माणसाचा चेहरा जवळून बघा. कपाळाला आठ्या, मानेची शीर टरारलेली, जबडा खाली ओढलेला, कंपस्वर धरताना हनुवटी थरथरते. तयार गायकाचे हे स्नायू वर्षानुवर्षं कमावलेले असतात. शाळकरी पोराचा चेहरा गाताना असा होत नाही. बेन प्लॅटनेही बरंचसं सेटवर प्रत्यक्ष गायलं. बोलताना तो एकवेळ चालतो, गायला लागला की वय उघडं पडतं.

चित्रचौकट

यावर उपाय आहे, फक्त शिस्त लागते. प्रत्यक्ष गायचंच असेल तर गाण्याचा कळस मध्यम अंतरावरून घ्यायचा, कंबरेपासून वर. क्लोजअप ठेवायचा कळसानंतरच्या शांत ओळीसाठी किंवा ऐकणाऱ्या पात्रावर. दिग्दर्शक बरोबर उलटं करतात, आवाज चढला की कॅमेरा पुढे सरकवतात.

खवट_म्हातारा

पन्नाशीतल्या बालगंधर्वांना नायिका म्हणून डोळे भरून पाहणाऱ्यांच्या राज्यात तुम्ही सत्ताविसाच्या पोराला नावं ठेवताय.

मधला_पडदा

खवटकाका, तुमचं उदाहरण आमच्याच बाजूचं आहे हो. ती रंगमंचाची रूढी. गाणं चालू झालं की वय, लिंग, सगळं माफ. तेच कॅमेऱ्यासमोर मापात बसलं नाही, म्हणून तर बोलतोय.

ताम्हण

एक उलटं उदाहरण देऊ? 'साउंड ऑफ म्युझिक'. १९५९ ला ब्रॉडवेवर लीझल, म्हणजे सात भावंडांतली थोरली, झालेली लॉरी पीटर्स खरंच सोळाची होती. १९६५ च्या सिनेमात ती भूमिका केली चार्मियन कारने, जी चित्रीकरणाच्या वेळी एकवीस. आणि गाणं काय, तर सोळा संपून सतरावं लागतंय म्हणून! तरी चाललं.

मधला_पडदा

चाललं कारण तिच्या खाली सहा खरी मुलं उतरत्या भाजणीने उभी आहेत आणि वर प्रौढ दिसणारे ज्युली अँड्र्यूज, क्रिस्तोफर प्लमर. दोन्ही बाजूंनी तिचं वय ठरवून दिलंय. तुलनेचाच मुद्दा.

रंगपेटी

उशिरा आले, पण माझ्या प्रांतातलं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. विशीतल्या नटाला शाळकरी दाखवताना रंगभूषेत होणाऱ्या चुका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्वचा गुळगुळीत करणं. सोळाची त्वचा गुळगुळीत नसते! नाकाशेजारी लाली असते, कपाळ तेलकट, हनुवटीवर एखादी पुटकुळी. जाड फाउंडेशनने सगळं एकसारखं केलं की दिसतो तो नीट मेकअप केलेला तिशीतला माणूस. चेहरा जवळजवळ मोकळा ठेवायचा, फक्त डोळ्यांखाली आणि दाढीच्या भागात काम करायचं. एक-दोन पुटकुळ्या मुद्दाम काढल्या तरी चालतात. पावडर घड्यांत बसते आणि घड्या रेखून दाखवते, म्हणून ती नाकाच्या शेंड्यावर आणि कपाळाच्या मधोमध, तीही नावापुरती. भुवया कोरायच्या नाहीत. मुलींना खोट्या पापण्या, गालाची हाडं काढणारं शेडिंग बंद.

दाढीची सावली हा मुलांचा खरा शत्रू. पद्धत अशी: गरम पंचाने त्वचा मऊ करून आधी केसांच्या दिशेने, मग आडवी दाढी. उलट्या दिशेने केली की जास्त गुळगुळीत होते पण पुरळ येतं आणि दुसऱ्या दिवशी कुणीही वाचवू शकत नाही. मग वीस-तीस मिनिटं लाली उतरू द्यायची. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर सावली हिरवट-करडी दिसते, तिला नारिंगीकडे झुकणारा करेक्टर लागतो, गोऱ्या कातडीच्या निळसर सावलीला पीच. खडबडीत स्पंजने टिपून टिपून, अगदी पातळ, घासायचा नाही. त्यावर त्वचेच्या रंगाचा तितकाच पातळ थर. थर जाड झाला की दोन-तीन गाण्यांत ओठांच्या कडेला भेगा पडतात, कारण गाताना सगळ्यात जास्त हलतो तो हाच भाग. दुपारी तीन-चारच्या सुमारास सावली परत वर येते. तेव्हा वरून थर चढवायचा मोह टाळायचा. सगळं पुसून पुन्हा दाढी, पुन्हा रंग. यासाठी वेळापत्रकात पाऊण तास मागून घ्यायचा आणि नटाचे क्लोजअप सकाळी लावायला सांगायचे.

केस हा दुसरा सापळा. कानशिलावरचे कोपरे झाकायला कपाळावर केस घेतात, ते ठीक. पण दाट कुरळं डोकं आणि खाली बसलेले गाल, हे गणित जुळत नाही. इतके केस कुठून आले असं वाटून नजर उलट चेहऱ्यावर खिळते. 'इव्हान हॅन्सन'मध्ये हेच झालं असं माझं मत. त्याचे स्वतःचे केस असूनही लोकांना विग वाटला.

मान आणि हात लोक विसरतात. कॉलर असलेला शर्ट, बाह्या मनगटाच्या पुढे. खांद्याची शिवण खऱ्या खांद्यापेक्षा बोटभर खाली उतरलेली हवी, म्हणजे "वाढत्या अंगाचा घेतलाय" असं दिसतं. अंगाबरोबर शिवलेला शर्ट घातला की नोकरीला लागलेला दिसतो.

नाट्यवेडी

रंगपेटीताई, _/\_ असाच प्रतिसाद हवा होता. हे सगळं करण्यापेक्षा संगणकावर तरुण करून घेता येत नाही का?

चित्रचौकट

येतं, पण संगीतिकेत महाग पडतं. बोलणाऱ्या, स्थिर चेहऱ्यावर काम करणं वेगळं आणि नाचत गाणाऱ्या तोंडावर वेगळं. ओठांची हालचाल आणि आवाज एक चौकट जरी सरकला तरी खोटं वाटतं. त्यात संगीतिकेत चार-चार मिनिटांचे सलग शॉट. डोळ्यांखालची सावली हलकी करणं, दाढीचा पट्टा काढणं एवढी डागडुजी सर्रास होते, प्रेक्षकाला कळतही नाही. गालांचा आकार बदलायला गेलात की बिल वाढतं. लेन्ससमोर हलकं डिफ्यूजन (चित्र मऊ करणारी काच) लावणं स्वस्त, पण प्रमाणाबाहेर गेलं तर प्रत्येक दिव्याभोवती वलय येतं आणि ज्याच्यासाठी लावलं तेच कळून येतं.

सॅनहोजेकर

सगळ्यात स्वस्त उपाय पटकथेत असतो. स्पीलबर्गच्या 'वेस्ट साइड स्टोरी'त (२०२१) मारिया झालेली रेचल झेगलर चित्रीकरणाच्या वेळी अठरा, तीस हजारांहून जास्त अर्जांतून निवडलेली. टोनी झालेला अँसेल एल्गॉर्ट पंचवीस. तर पटकथेत टोनी वर्षभर तुरुंगात राहून आला असं केलं. त्याचा मोठेपणा, शांतपणा, टोळीपासून आलेला दुरावा, सगळ्याला कारण मिळालं. नटाचं वय लपवण्यापेक्षा कथेत जिरवलं.

खवट_म्हातारा

इव्हानलाही तुरुंगात घालायला हवं होतं. मेलेल्या मुलाच्या नावाने पत्रं खोटी लिहिलीच होती.

मधला_पडदा

:) विनोद बाजूला, पण इथेच खरा घोटाळा आहे. इव्हान मेलेल्या मुलाच्या आईवडिलांशी खोटं बोलतो, त्यांच्या घरात शिरतो, त्यांच्या मुलीच्या प्रेमात पडतो. सतराच्या, घाबरलेल्या पोराने हे केलं तर आपण त्याला माफ करतो. तेच मोठ्या दिसणाऱ्या माणसाने केलं की ते फसवणुकीसारखं दिसतं. 'ग्रीस'मध्ये रिझो तेहेतीसची दिसल्याने कथेचं काही बिघडत नाही, इथे कथाच कोवळ्या वयावर टेकलेली आहे. म्हणजे किती वर्षांची सूट घ्यायची हे चेहऱ्यापेक्षा पात्र काय करतं त्यावर ठरवायला हवं.

नाट्यवेडी

हे पटलं. आता एकच विचारते. विशीतल्या नटाला घ्यायचं की नाही, हे चित्रीकरणाआधी ठरवायचं कसं?

चित्रचौकट

स्क्रीन टेस्ट, पण नीट घेतलेली. मेकअपशिवाय, भूमिकेच्या कपड्यांत. पस्तीस मिलिमीटरच्या लेन्सवर आणि पंच्याऐंशीच्या लेन्सवर, दोन्हीकडे तीन उजेडांत: समोरून मऊ, बाजूने पंचेचाळीस अंशांत, आणि थेट वरून. वरच्या उजेडात टिकला तर बाकी चिंता नाही. नुसते संवाद घेऊ नका, गाण्याचा सगळ्यात चढा भाग पूर्ण जोरात गाऊन घ्या, पाठोपाठ मोकळं हसायला लावा. शेजारी खरा सोळा वर्षांचा मुलगा उभा करा, आईची भूमिका करणारी नटी दुसऱ्या बाजूला. हे सगळं सकाळी एकदा आणि संध्याकाळी पाचनंतर एकदा. आणि निकाल सेटवरच्या छोट्या मॉनिटरवर लावू नका, मोठ्या पडद्यावर प्रोजेक्ट करून मधल्या रांगेत बसून बघा.

रंगपेटी

यात एक भर. ती टेस्ट अशा चार माणसांना दाखवा ज्यांनी त्या नटाचं नाटक पाहिलेलं नाही. नाटक पाहिलेल्यांना तो सतराचाच दिसतो.

ढब्बू_पैसा

आणि त्या चौघांत निर्मात्याचा कुणी नातेवाईक नको.